चिखलाचा वास

माणसं देवाशी भांडतात, दैवाशी भांडतात, भाडेकरू घरमालकाशी भांडतात. पण नुसत्या चिखलाशी, तोही दहा हात लांब आणि सहा हात रुंद एवढ्याच चिखलाशी, तीन पावसाळे मन लावून भांडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणे. कलकत्त्यात, बालीगंजमधल्या एका दुमजली घराच्या तळमजल्यावर ते आणि मावशी राहत, आणि नव्याने नोकरीला लागलेला मी त्यांच्या पुढच्या खोलीत खाट टाकून राहत असे. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. शहरात माणसांचे लोंढे येत होते, रोज कसला ना कसला मोर्चा निघे, ट्रामा मध्येच बंद पडत. आमच्या घरात मात्र सकाळच्या चहाला एकच विषय असे, तो म्हणजे कालच्या पावसाने कोंबड्यांच्या कुंपणात किती चिखल झाला. आता त्या दिवसांची आठवण आली की हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

काका रेल्वेच्या कचेरीत, पार हावड्याला, नकाशे काढायच्या कामावर होते आणि मी गेलो त्याच वर्षी निवृत्त झाले होते. तीस वर्षं कागदावर सरळ रेषा आखून त्यांची अशी समजूत झाली होती की जगही मुळात सरळच आहे, फक्त कोणीतरी ते नीट आखून द्यायला हवं. घरभर त्यांच्या सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेल्या असत. माठावर ‘ओगराळे आत सोडू नये’, छत्रीच्या खुंटीवर ‘ओली छत्री उलटी’, आणि मी यायच्या आधीच माझ्या खाटेवर ‘उशी पूर्वेस’. दुसऱ्याने बोललेलं वाक्यही ते असंच लेखी हुकमासारखं मानत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मावशी एकदा सहज म्हणाली, ‘या खिडकीतून फार ऊन येतं बाई.’ संध्याकाळी कचेरीतून येताना काका फळ्या घेऊन आले आणि त्यांनी ती खिडकी ठोकून बंद केली. पुढे थंडीचे दिवस आले, उन्हाची गरज लागली, तरी मावशीने दोन महिने दिवसाढवळ्या दिवा लावून भाकरी थापल्या, पण ‘फळ्या काढा’ असं म्हणाली नाही. त्यांनी एवढ्या प्रेमाने ठोकल्या होत्या, कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ती त्यांच्यासमोर फार जपून बोले. माझ्या देखत ती एकदाच चुकली.

निवृत्त झाल्यावर दोघं साताऱ्याला परत जाणार होती. सामान बांधायला सुद्धा घेतलं होतं. पण मावशीला दोन खोल्या ओलांडताना दम लागू लागला, नखं पांढरी पडली, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त उरलेलं नाही, प्रवासाचं नाव काढू नका. त्यांनी औषध दिलं, इंजेक्शनं दिली आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं: रोज सकाळी एक ताजं कोंबडीचं अंडं, अर्धवट उकडून. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात खाली मान घालून येई, त्या घरात ही चिठ्ठी देवघराशेजारच्या खिळ्याला लटकली. मावशी तिच्याकडे पाहून पदराने तोंड दाबून हसली होती, ते मला स्पष्ट आठवतं. तिला वाटलं, हे काही होणार नाही. पण काकांनी बाजारातली अंडी पाण्यात टाकून पाहिली, सगळी तरंगली, म्हणजे शिळी निघाली, आणि आठवड्याच्या आत ते गडियाहाटच्या बाजारातून टोपलीत पाच कोंबड्या घेऊन आले.

कोंबड्यांची नावं कृष्णा, कोयना, वेण्णा, नीरा आणि गोदा. ‘गावाला जाता येत नाही, तर गाव इथे आणू,’ असं ते म्हणाले होते, आणि नंतर मी कामावरून आलो की ‘आज कोयनेने दगा दिला’ किंवा ‘नीरा खूप दिवसांनी प्रसन्न आहे’ अशा बातम्या मिळू लागल्या. त्यांच्याशी ते अहोजाहो करत. परसात तारेचं कुंपण झालं, पत्र्याचं खुराडं झालं, आणि अंडं स्वयंपाकघरात आणायचं नाही म्हणून मागच्या पायरीवर वेगळी शेगडी मांडली गेली. वेगळं पातेलं, वेगळा चमचा आणि निळ्या काठाचा वेगळा कप. कोंबड्यांकडे जायचं धोतर सुद्धा वेगळं, ते वेगळ्या दोरीवर वाळे. तो कप मोलकरीण विसळायला तयार नव्हती, मावशीने विसळावा हे काकांना पटेना, म्हणून मागच्या नळावर ते स्वतः तो विसळत. रोज सकाळी बरोबर सातला ते अंघोळ करून कप मावशीच्या उशाशी नेऊन ठेवत आणि ‘गरम आहे तोवर’ एवढंच बोलून बाहेर जात. समोर उभं राहिलं तर ती संकोचेल, असं त्यांना वाटे.

पहिल्या दिवशी मावशीने एक चमचा तोंडात घातला आणि तो घास तसाच मोरीत नेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तिने मला खुणेने आत बोलावलं. ‘हात लावलेला नाही मी,’ ती म्हणाली. ‘तू खा. मागच्या महिन्यात तापातून उठलायस, गालफडं बघ कशी बसलीत. तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?’ मी नको म्हटलं, पण फार वेळ म्हटलं नाही. मला भूक लागे आणि अंडं मला आवडलं. दाराआड उभं राहून, वर मिरपूड भुरभुरून, मी ते खाल्लं. मिरपुडीची पुडी मी खिशात ठेवू लागलो, म्हणजे माझी किती तयारी झाली होती बघा. मावशीला मात्र मनातून खात होतं. आठवडाभराने तिने तो उद्योग थांबवायचं ठरवलं. ‘मला नाही जात हो’ असं सरळ म्हणायचं तिच्या जिभेवर आलं असेल, पण त्या दिवशी अंघोळीलाही न थांबता परसातून थेट आलेले काका समोर उभे होते, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले, हातात ऊनऊन कप. तिचा धीर झाला नाही. ती म्हणाली, ‘याला चिखलाचा वास येतो हो.’

तिला वाटलं, आता कोंबड्या जातील. काका आपल्या पायांकडे पाहून म्हणाले, ‘अस्सं. म्हणजे चिखल घालवला पाहिजे.’

त्या दिवशी दुपारी त्यांनी नकाशाचा कागद काढला. परसाचा उतार, पागोळ्यांची जागा, मुतारीची भिंत, सगळं मोजून त्यांनी चरांचा असा देखणा आराखडा काढला की मी तो चौकट करून लावावा म्हणालो. निळ्या शाईचे बाण पाणी कुठून कुठे जाईल ते दाखवत होते. चर खणून झाले आणि रात्री पाऊस आला. सकाळी पाहतो तर पाणी सगळ्या बाणांच्या उलट दिशेने आलेलं. गल्ली परसापेक्षा उंच होती आणि गल्लीतलं पाणी आजवर ज्या वाटा शोधत होतं त्या काकांनी त्याला खणून दिल्या होत्या. ‘साताऱ्याला पाऊस पडतो आणि जातो,’ काका गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, ‘इथे पडतो आणि बिऱ्हाड करतो.’ पाचही नद्या खुराड्याच्या पत्र्यावर चढून बसल्या होत्या. त्यांच्या पायांना काळा, लोण्यासारखा मऊ चिखल लागलेला होता आणि त्यातल्या एकीनेही चार दिवस अंडं दिलं नाही.

मग त्यांना गावाकडचं अंगण आठवलं. शेणाने सारवलेलं अंगण कसं खणखणीत राहतं, हे लहानपणी पाहिलेलं. गवळ्याकडून दोन पाट्या शेण आणून, धोतर खोचून, बाईमाणसासारखे उकिडवे बसून त्यांनी कुंपणाच्या आतली सगळी जमीन स्वतःच्या हाताने सारवली. नेमकं दोन दिवस ऊन पडलं. जमीन अशी सुरेख झाली की मावशी काठी टेकत खिडकीपर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, ‘एक स्वस्तिक तरी काढा कोपऱ्यात.’ काकांनी खरोखरच रांगोळी आणून काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला. काळ्या चिखलात हिरवा चिखल मिसळला, आणि कृष्णा, कोयना वगैरे मंडळी मांड्यांपर्यंत हिरवी होऊन हिंडू लागली. वरच्या मजल्यावर घरमालकांच्या वृद्ध आई राहत. त्यांना सगळे ठाकुमा म्हणत. विधवा, कर्मठ, कोंबडीची सावली सुद्धा न चालणाऱ्या. पण परसातली मजा पाहायला त्या गॅलरीत नाकाला पदर लावून तासन् तास उभ्या राहत. त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. ‘ओ बाबा, हाँस पोषो ना केनो?’ त्यांनी वरून विचारलं. बदकं का पाळत नाहीस, एवढाच साधा प्रश्न. बंगालभर हेच करतात, बदकाला चिखल हवाच असतो, अंडंही मोठं असतं. मी काकांकडे पाहिलं. सगळा प्रश्न एका वाक्यात सुटला होता. काकांनी हात धुतले, वर पाहून नम्रपणे नमस्कार केला आणि मला म्हणाले, ‘त्यांना सांग, डॉक्टरांनी चिठ्ठीवर कोंबडीचं लिहिलंय.’

दिवाळीत मी घरी जाऊन आलो तेव्हा काकांच्या हुकमावरून साताऱ्याचा मुरूम घेऊन आलो. रॉकेलचे दोन डबे भरून. हावड्याला हमालाने डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि विचारलं, ‘बाबू, इसमें क्या है?’ मी म्हटलं, मिट्टी. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. त्या शहरात तेव्हा हजारो माणसं आपली माती सोडून आलेली होती, स्टेशनाच्या फरशीवर संसार मांडून बसली होती, आणि मी मात्र माती डब्यात घालून आणत होतो. मला त्यांच्यासमोरून ते डबे नेताना लाज वाटली. घरी आल्यावर मावशीने डब्यातला मूठभर मुरूम हातात घेतला, पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि नाकाशी नेला. दोन-तीनदा हुंगला. मग म्हणाली, ‘याला म्हणतात वास.’ काकांनी तो मुरूम कुंपणाच्या एका कोपऱ्यात पसरून धुमसून घट्ट बसवला. चौरंगाएवढी जागा झाली. पुढच्या पावसाळ्यात पाचही कोंबड्या तेवढ्या साताऱ्यावर अंग चोरून उभ्या राहत, आणि आषाढ संपायच्या आत बालीगंजच्या चिखलाने तो सातारा गिळून टाकला.

राखेची कल्पना ठाकुमांची. बदकांचा सल्ला मानला नाही म्हणून त्या वर्षभर रुसल्या होत्या, पण एका सकाळी त्यांच्या शेगडीची राख टाकायला आलेली बाई कोंबड्या पाहायला कुंपणात शिरली, पाय घसरून पडली, आणि राख जिथे सांडली तिथला चिखल तासाभरात बसला. ‘छाई दाओ, छाई!’ ठाकुमा वरून ओरडल्या. दगडी कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या त्या शहरात राखेला काय तोटा. दुसऱ्या दिवसापासून काका हातात घमेलं घेऊन घरोघर राख मागायला जाऊ लागले. एका घरी नवीन सून होती. दारात उघड्या अंगाचा, राखेने माखलेला म्हातारा पाहून ती आत गेली आणि ताटलीत तांदूळ घेऊन आली. ‘चाल ना मा, छाई,’ काका गंभीरपणे म्हणाले. तांदूळ नको बाई, राख. बिचारीने ताटली तिथेच ठेवून दंडवत घातला. घरी आणलेली राख ते चाळत. अर्धवट जळालेले खडे खाली, त्यावर जाड राख, वर बारीक राख, आणि रोज सकाळी दंताळ्याने सगळं वरखाली. घरोघरच्या राखेतला फरक त्यांना हाताला कळे. ‘वकिलांकडची ओलसर असते,’ ते सांगत, ‘मास्तरांकडची उत्तम. त्यांच्याकडे कोळसा पुरता जाळतात.’ कोंबड्यांना तर पर्वणी झाली. त्या राखेत लोळत, पंखांनी अंगावर उडवून घेत, आणि सगळ्या नद्या करड्या रंगाच्या होऊन सुखाने कुटकुट करत.

मावशी हे सगळं खिडकीतून पाहत असे. खाटेवरून आता तिला फारसं उठवत नव्हतं, म्हणून खाटच खिडकीशी नेली होती. साठीला आलेला आपला नवरा, ज्याच्या शर्टाची इस्त्री कधी मोडली नव्हती, तो लोकांच्या दारात राख मागतो आहे, हे तिला बघवेना. मला ती म्हणाली, ‘मी काय बोलून बसले रे.’ त्या दिवशी संध्याकाळी काका तिच्या खोलीत आले तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं, ‘अहो, आता वास येत नाही हं.’ काकांचा चेहरा मी दारातून पाहिला. निवृत्त होताना कचेरीने हार घातला होता तेव्हाही तो एवढा उजळला नसेल. ‘नाही ना?’ ते म्हणाले. ‘मला वाटलंच होतं, राखेने जाईल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कप आला, ते बाहेर गेले, मावशीने मला खूण केली, आणि मी खिशातून मिरपूड काढली.

हे असं एकूण दोन वर्षं चाललं. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. माझी गालफडं भरून आली, अंगावर मांस चढलं, कचेरीतले लोक विचारू लागले की मावशी काय खायला घालते. अंड्याने मावशी वाचली असती का, हे मी पुढे डॉक्टरांना आडून विचारलं होतं. ते म्हणाले, एका अंड्याने काय होणार, रोगच मोठा होता. त्या वाक्याच्या आधारावर मी आजवर आलो आहे. पण तो आधार रोज पुरतोच असं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात गल्लीत घोट्याच्या वर पाणी साचलं, ट्राम तीन दिवस बंद होती, आणि कोंबड्यांचं कुंपण मात्र कोरडं होतं. वर्षभराच्या राखेने ती जमीन हातभर उंच झाली होती. काकांनी मला हाताला धरून तिथे नेलं, चप्पल काढायला लावली आणि चार पावलं चालवलं. मग खाली वाकून माझे तळवे पाहिले. ‘बघ,’ ते म्हणाले, ‘कोरडे.’ ते मावशीला सांगायला आम्ही आत गेलो तेव्हा ती झोपली होती, म्हणून तिला उठवलं नाही. त्यानंतर ती फारशी शुद्धीवर आलीच नाही. दुर्गापूजेला आठ दिवस असताना ती गेली. गल्लीत मांडवाचे बांबू उभे राहत होते. आम्ही घाटावरून परत आलो तेव्हा ठाकुमा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या होत्या. तेरा दिवस काका घराबाहेर पडले नाहीत, पण रोज सकाळी मागच्या दाराशी बादल्या दिसत: वकिलांची, मास्तरांची, त्या नव्या सुनेची. वरच्या मजल्यावरची पहिली बादली ठाकुमा आपल्या बाईकडून पाठवत. त्या दिवसांत आमच्या घरात राख हा शब्द कोणी उच्चारला नाही. मी ती मुकाट्याने पसरत असे.

माघात माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी सातला मी वळकटी बांधत होतो, तेव्हा काका निळ्या काठाचा कप घेऊन पुढच्या खोलीत आले. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. वर मिरपूड घातलेली होती.

मी वळकटीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागलो.

‘कप मीच विसळायचो ना,’ ते म्हणाले. ‘तळाला मिरपूड असायची. तिला मिरपूड कधी चालली नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं मला.’

‘मग काका, बोलला का नाहीत?’

‘काय बोलायचं? ती म्हणाली, चिखलाचा वास येतो. म्हटलं, वास गेला की खाईल.’ ते खाटेच्या कडेवर बसले. बराच वेळ धोतराची कड सारखी करत राहिले. ‘मग एक दिवस म्हणाली, वास गेला. पण मिरपूड यायची ती येतच राहिली. त्याचा उलगडा मला होत नाही. खाणारा तू होतास, म्हणून तुला विचारतो. खरं सांग. वास यायचा का?’

त्या अंड्यांना कधीच वास येत नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. स्वच्छ, ताजी, गोड अंडी होती ती. मी म्हणालो, ‘यायचा काका. पहिल्या पावसाळ्यात फार यायचा. राख टाकलीत आणि गेला.’

काकांनी मान हलवली. ‘म्हणजे दोन्ही वेळा खरंच बोलली ती,’ ते म्हणाले. ‘तोवर खायची इच्छाच मेली असेल तिची. मला उशीर झाला.’ मग उठले, ‘गरम आहे तोवर खा’ म्हणाले, आणि मास्तरांच्या घरची राख आणायची वेळ झाली म्हणून घमेलं घेऊन बाहेर पडले.

ते साताऱ्याला परत गेले नाहीत. पुढे किती वर्षं कोंबड्या ठेवल्या, ती अंडी कोणाला दिली, हे मी पत्रातून कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी लिहिलं नाही. त्यांच्या पत्रांत पावसाची हकिकत असे आणि शेवटी एक ओळ, ‘परस कोरडे आहे.’ ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्या घरात अंडी सर्रास येतात, मुलं खातात, कोणाला त्यात काही वाटत नाही. पण कप पुढ्यात आला की मी आधी तो नाकाशी नेतो, आणि बायको हसते. वास कसलाच येत नाही.